शस्त्रक्रिया डॉक्टरांची, पथ्यपाणी आपलं

मैत्रिणींनो, वक्षभार फार असला की बाईला काय सोसावं लागतं, हे तिचं तिलाच ठाऊक. मान आणि पाठ सतत दुखते, ब्रेसियरचे पट्टे रुतून खांद्यांना खाचा पडतात, उन्हाळ्यात स्तनांखालची कातडी घामानं सोलवटून निघते. यावर स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया हा उपाय आता मुंबई-पुण्याप्रमाणे इतर शहरांतही होतो. पण ‘हिला या वयात नटायची हौस’ असं कुणी म्हणेल, या धास्तीनं पुष्कळ जणी ती लपवतात. पाठीचं काहीतरी छोटं काढलं, असं सासूबाईंना सांगायचं आणि चौथ्या दिवशी पोळ्या लाटायला उभं राहायचं! मग एखादा टाका उसवला, तर तोही पदराखाली झाकायचा. अशानं बरी भरत आलेली जखम बिघडते.

शस्त्रक्रिया करावी की नाही, ते तुम्ही डॉक्टरांशी बोलून ठरवालच. आज पाहू या ते नंतरच्या दिवसांचं.

जखम भरते कशी?

कापड शिवलं की लगेच अंगात घालता येतं. कातडीचं तसं नसतं. टाके फक्त दोन कडा जवळ धरून ठेवतात. सांधण्याचं काम शरीरच करतं, आणि ते सावकाश करतं. पहिले चार-पाच दिवस सूज, थोडी लाली आणि ठणका असतो. शरीर तेव्हा जखमेची साफसफाई करत असतं. पुढचे साधारण तीन आठवडे नव्या पेशी आणि बारीक रक्तवाहिन्या तयार होतात. त्यानंतर कित्येक महिने व्रण आतून घट्ट होत राहतो.

वरून जखम बंद दिसली, म्हणजे काम झालं असं समजू नका. पहिल्या आठवड्यात त्या जागेची ताकद मूळ कातडीच्या मानानं अगदीच नगण्य असते. तीन आठवड्यांनी ती फार तर पाव-तृतीयांश येते आणि तीन महिन्यांनी सुमारे ८० टक्के. म्हणूनच डॉक्टर सहा आठवडे जपायला सांगतात.

या शस्त्रक्रियेत बहुतेक वेळा व्रण जहाजाच्या नांगरासारखा येतो: स्तनाग्राभोवती गोल, तिथून सरळ खाली, आणि स्तनाखालच्या घडीत आडवा. उभी आणि आडवी शिवण जिथं मिळते, तिथं ताण जास्त आणि रक्तपुरवठा कमी. त्यामुळं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तिथं जखम जराशी उघडणं ही पुष्कळदा घडणारी गोष्ट आहे. बहुधा ती नुसत्या ड्रेसिंगनं भरते. घाबरू नका, पण लपवूही नका; त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

पहिले दिवस

आत साचणारा स्राव बाहेर यावा म्हणून कधी कधी एक नळी ठेवतात. ती असेल, तर रोज किती आणि कोणत्या रंगाचा स्राव आला ते वहीत लिहून ठेवा. आंघोळीला पुष्कळ डॉक्टर ४८ तासांनी परवानगी देतात, पण तुमच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा. पाणी अंगावरून वाहू द्या आणि ओली जागा मऊ पंचानं टिपून घ्या, चोळू नका. खपली ओढून काढायची नाही, कितीही कंड सुटली तरी!

आधार देणारी, तार नसलेली, पुढं हुक असलेली ब्रेसियर डॉक्टर सांगतील तितके दिवस रात्रंदिवस घालायची. धुवायला दुसरी हवी म्हणून दोन आणून ठेवा. डोक्यावरून घालायचे कपडे नकोत, कारण त्यासाठी हात वर न्यावे लागतात. आपला पुढून हुकांचा, जरा सैल ब्लाउज किंवा पुढं बटणांचा गाऊन यासाठी झकास. लांब मंगळसूत्राच्या वाट्या नेमक्या जखमेवर घासतात. काही दिवस आखूड मंगळसूत्र घाला. झोपायचं ते उताणं, पाठीखाली दोन उशा घेऊन.

शेकायची पिशवी मात्र अजिबात नको. शस्त्रक्रियेनंतर त्या भागाची कातडी बधिर असते. चटका बसला तरी कळत नाही आणि एकदम फोडच दिसतो. तसंच हळद, तूप, कुठला लेप हे टाक्यांवर लावू नका. स्वयंपाकातली हळद कितीही गुणाची असली, तरी ती निर्जंतुक नसते.

घरकाम

तोंड धुणं, केस विंचरणं, घरात हळूहळू फिरणं पहिल्या दिवसापासून करा. चालण्यानं पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी होतो. पण पंधरा लिटरची भरलेली बादली म्हणजे पंधरा किलो वजन, हे विसरू नका. बादली, गॅसची टाकी, माळ्यावरचे डबे, ओल्या चादरी पिळणं, कणीक मळणं, स्कूटर चालवणं हे सारं डॉक्टर ‘हो’ म्हणेपर्यंत बंद. लहान मूल असेल तर त्याला उचलून घेऊ नका. आपण बसावं आणि कुणीतरी त्याला शेजारी आणून बसवावं.

आता तुम्हीच सांगा, हे सगळं घरात न सांगता जमेल का? नवऱ्याला आणि घरातल्या एका तरी बाईला खरं सांगायलाच हवं.

खाणं आणि मिश्री

‘आंबट खाल्लं की जखम चिघळते’, ‘भात खाल्ला की पू होतो’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. त्यात तथ्य नाही. उलट आवळा, लिंबू, पेरू यांतलं क जीवनसत्त्व नवी कातडी विणायला लागतंच. त्याबरोबर डाळ-उसळ, दूध-दही, चालत असेल तर अंडी-मासे भरपूर खा. या काळात उपास नकोत. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट साफ होईनासं झालं, तर पाणी वाढवा आणि डॉक्टरांना विचारून इसबगोल घ्या. मधुमेह असेल तर साखर आधीपासून ताब्यात हवी.

आणि एक गोष्ट बायका डॉक्टरांना हटकून सांगत नाहीत, ती म्हणजे मिश्री. मिश्री म्हणजे तंबाखूच! तंबाखूतल्या निकोटीननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेच्या कडा, प्रसंगी स्तनाग्रसुद्धा, रक्तावाचून काळं पडू शकतं. शस्त्रक्रियेच्या आधी निदान चार आठवडे आणि नंतर तितकेच दिवस मिश्री, तपकीर, सिगारेट बंद. गर्भनिरोधक गोळ्या, अॅस्पिरिन, एखादा काढा चालू असेल तर तेही आधीच सांगा.

व्रणाची काळजी

पहिले दोन-तीन महिने व्रण लाल, कडक आणि जाडसर दिसतो. निराश होऊ नका. वर्ष-दीड वर्षात तो बराच फिका आणि मऊ होतो. पुसून मात्र जात नाही. जखम पूर्ण मिटल्यावर डॉक्टरांना विचारून हलक्या हातानं मालिश करावं आणि सिलिकॉनची जेल किंवा पट्टी लावावी. काहींचा व्रण वाढतच जातो आणि मूळ जखमेबाहेर पसरतो. त्याला कीलॉइड म्हणतात. आपल्यासारख्या सावळ्या कातडीत तो अधिक दिसतो. कान टोचल्यावर तुम्हाला तशी गाठ आली असेल, तर ते शस्त्रक्रियेआधीच सांगा.

स्तनाग्राची संवेदना काही काळ, क्वचित कायमची, कमी होते. पुढं मूल झालं तर अंगावरचं दूध कमी पडू शकतं, हेही आधी विचारून घ्यावं. आणि पुढं कधी मॅमोग्राफी केलीत, तर या शस्त्रक्रियेची माहिती जरूर द्या.

हे परदेशी खूळ नव्हे

प्लॅस्टिक सर्जरी म्हणजे परक्यांचं फॅड, असं घरात कुणी म्हणालं तर त्यांना पुण्याची गोष्ट सांगा. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये एक हकीकत छापून आली. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला, पुण्याजवळच्या एका विटा करणाऱ्या जातीच्या माणसानं कपाळाच्या कातडीचं नवं नाक बसवून दिलं होतं. पुढं जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जननं लंडनमध्ये १८१४ साली तीच रीत वापरली. चारचौघांत ताठ मानेनं वावरता यावं, ही इच्छा पुरुषाची असली की रास्त आणि बाईची असली की चैन, असं थोडंच आहे?

लगेच दवाखाना गाठा

• एकच स्तन अचानक फुगून टणक झाला, फार दुखू लागला (पहिल्या दोन दिवसांत हे रक्त साकळल्याचं लक्षण असू शकतं)
• स्तनाग्र निळं-काळं दिसू लागलं
• १००.४ अंशांच्या वर ताप, पसरत जाणारी लाली, पू किंवा दुर्गंधी
• एकाच पोटरीला सूज आणि दुखणं. छातीत कळ किंवा धाप

यांपैकी काहीही झालं तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका. रात्र असली तरी घरच्यांना उठवा आणि निघा.