‘खोताची वाडी’तली वाडी गेली कुठे?

सी भाषा नव्याने शिकणारा विद्यार्थी पत्ता साठवण्यासाठी २० कॅरेक्टरची जागा राखून ठेवतो. गिरगावातल्या खोताच्या वाडीचं नाव रोमन लिपीत लिहिलं तर स्पेस धरून १३ कॅरेक्टर होतात, म्हणजे ते आरामात मावतं. तेच नाव मराठीत टाइप केलं की पडद्यावर उमटतं फक्त ‘खोताची’. खरं तर मराठीत नाव आणखी आटोपशीर आहे, मोजून पाच अक्षरं. मग वाडी गेली कुठे?

‘गेटचार’ हे फंक्शन कीबोर्डवरून एक कॅरेक्टर वाचतं, असं वर्गात शिकवलं जातं. प्रत्यक्षात ते एक बाइट वाचतं. डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये सी भाषा घडवली, तेव्हा इंग्रजीचं एक अक्षर एका बाइटमध्ये मावत असे. त्यामुळे फरक पडत नव्हता. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. (ही पद्धत १९९२ मध्ये आखली केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी. थॉम्पसन म्हणजे युनिक्समधले रिचींचे जोडीदारच!)

शिवाय काना, मात्रा, वेलांटी ही संगणकाच्या लेखी स्वतंत्र चिन्हं. नुसतं ‘खो’ वाचायला गेटचार सहा वेळा चालवावं लागतं. आधी ‘ख’चे २२४, १६४, १५०, मग ओकाराचे २२४, १६५, १३९. ‘खोताची वाडी’त अशी १० चिन्हं आणि एक स्पेस, म्हणजे ३१ बाइट. राखलेल्या २० जागांपैकी एक शब्दाचा शेवट दाखवणाऱ्या शून्याला जाते. उरलेल्या १९ मध्ये ‘खोताची’चे १८ आणि स्पेसचा एक. जागा संपली, वाडी बाहेर!

इथे निदान तुकडा शब्दाच्या सीमेवर पडला. २२ जागा असत्या तर ‘व’चे दोनच बाइट आत आले असते आणि शेवटी प्रश्नचिन्हासारखं भलतंच काहीतरी दिसलं असतं. मराठी नावाच्या शेपटीला असा कचरा दिसला, तर मोजणी अक्षरांची आणि साठवण बाइटची, हा घोळ झालेला असण्याची शक्यता मोठी.

या नावाला कमीत कमी ३२ जागा हव्यात. ‘गेटडब्ल्यूचार’ हे फंक्शन, लोकेल नीट लावलं तर, बाइटऐवजी अख्खं चिन्ह देतं. पण तेही स्पेससकट ११ मोजतं, पाच नव्हे. काना-मात्रा जोडून अक्षर ओळखण्याचं काम प्रोग्रॅम लिहिणाऱ्याकडेच राहतं.

मराठीचा संबंध नसतानाही गेटचार नवशिक्यांना छळतं. ‘स्कॅनएफ’ने घर क्रमांक विचारला, तुम्ही १२ टाइप करून एंटर दाबलंत. स्कॅनएफ १२ उचलतं, एंटर मागेच राहतो. पुढचं गेटचार तुमची वाट न पाहता तो एंटर गिळतं आणि प्रश्न न थांबता निघून जातो. यावर ‘एफफ्लश’ वापरा, असा सल्ला सर्रास दिला जातो. कीबोर्डच्या इनपुटवर तो कधी चालेल, कधी नाही. सी भाषेच्या प्रमाण नियमांत त्याला आधार नाही. ओळीचा शेवट येईपर्यंत गेटचार फिरवून उरलेलं वाचून टाकणं हा सरळ उपाय.

आणखी एक गोष्ट मोबाइलवर सी शिकणाऱ्यांसाठी. गेटचारचं उत्तर ‘चार’मध्ये नव्हे, ‘इंट’मध्ये ठेवा. ० ते २५५ या बाइटखेरीज त्याला ‘इनपुट संपलं’ हेही सांगायचं असतं आणि ते ऋण आकड्याने सांगतं. अँड्रॉइड फोनमधल्या एआरएम प्रोसेसरवर ‘चार’ ऋण आकडा ठेवतच नाही. त्यामुळे लॅपटॉपवर नीट थांबणारा लूप फोनवर फिरतच राहतो.