सुटा माल : वाण्याच्या फळीपासून मॉलच्या काउंटरपर्यंत

गेल्या पावसाळ्यात लोअर परळच्या एका मॉलमध्ये नवे सुपरमार्केट उघडले. एका मित्राने फोन करून सांगितले, "तुझ्या वह्या घेऊन ये, इथे डाळ सुटी मिळते." तो चेष्टा करत होता. माझ्या वह्या म्हणजे वाण्याकडच्या उधारीच्या वह्या. गेली वीसेक वर्षे मी मुंबईतल्या कुटुंबांच्या किराणा याद्या, बिले आणि अशा वह्या गोळा करतो आहे. पण चेष्टेत का होईना, त्याने नेमक्या मुद्द्याला हात घातला होता, म्हणून गेलो.

आत शिरताच फळे. दुकानाच्या तोंडाशी फळे-भाज्या मांडायच्या, म्हणजे पुढच्या साऱ्या मालाला ताजेपणाची हवा लागते, ही या धंद्याची जुनी रीत. मग पाव, चहा, ऑलिव्ह तेलाच्या बाटल्या. चीजच्या काचेमागे एक मुलगी गिऱ्हाइकाला तुकडा चाखायला देत होती आणि कुठले चीज कशाबरोबर खावे ते सांगत होती. त्या पलीकडे धान्याचा काउंटर : काचेच्या उंच बरण्यांत तूरडाळ, वरई, नाचणी, आंबेमोहोर तांदूळ. मागे एप्रन घातलेला मुलगा, हातात स्टीलचे डावले, शेजारी इलेक्ट्रॉनिक काटा. किमती शंभर ग्रॅमच्या लिहिलेल्या. किलोचा भाव आपण मनात करायचा आणि दचकायचे.

"यस सर?" त्याने विचारले. मी पाव किलो तूरडाळ मागितली. "अडीचशे ना काका?" तो लगेच मराठीवर आला. त्याने माझ्यासमोर डाळ तोलली, तपकिरी कागदी पिशवीत भरली, वर चिकटपट्टी लावली. दुकानात इतरत्र सगळा माल आपण उचलायचा होता. इथे मात्र फळी होती, फळीमागे माणूस होता आणि तो विचारून देत होता.

फळीमागून माल देण्याची पद्धत मोडली ती अमेरिकेत. १९१६ साली मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स याने 'पिगली विगली' नावाचे दुकान काढले. गिऱ्हाइकाने फिरत्या दांडीतून आत यायचे, आखून दिलेल्या वाटेने सगळ्या मांडण्यांपुढून जायचे, माल स्वतः उचलायचा आणि शेवटी एकदाच पैसे द्यायचे. या मांडणीचे पेटंट त्याला १९१७ मध्ये मिळाले. नोकरांचा पगार वाचला, कारण त्यांचे काम गिऱ्हाईक करू लागले. पण त्यासाठी एक अट होती : माल आधीच तोललेला, बांधलेला हवा. वाणी तोंडाने जे सांगे, ते आता पाकिटाने सांगायचे.

मुंबईत हा बदल आणण्यात मोठा वाटा सहकाराचा, हे आज मॉलमध्ये फिरणाऱ्यांना सांगावे लागते. १९४८ मध्ये नायगावात कामगारांच्या ग्राहक सोसायटीतून 'अपना बाजार' उभा राहिला, १९६८ मध्ये 'सहकारी भांडार' आले. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायत आधी मागणी नोंदवून महिन्याचा शिधा सभासदांच्या गटांना एकत्र पोचवू लागली. निवडलेले, तोललेले, पिशवीत बांधलेले धान्य मिळणे ही तेव्हा चैन नव्हती, सुटका होती. वाण्याच्या फळीबद्दल हळवे होणाऱ्यांनी हे विसरू नये. तागडीला खालून मेण लावणारे होते, तुरीत लाखेची डाळ मिसळणारे होते, आणि दिलेला माल परत करायची सोय नव्हती. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याचे तेल मिसळल्यामुळे साठाहून अधिक माणसे दगावली. त्याच वर्षी केंद्र सरकारने खाद्यतेल पॅकबंदच विकण्याचा आदेश काढला. सुट्या मालावरचा विश्वास असा प्रत्यक्ष विषानेच उडाला होता.

आता माझ्या संग्रहातली एक वही. ती आमच्याच घरची आहे. वडील गिरणीत होते, आम्ही लालबागच्या चाळीत राहत होतो आणि दाणेवाल्याकडे वही घेऊन जायचे काम माझे. १९८१ च्या पानांवर महिन्याची एक यादी असते : तेल ३ किलो, तूरडाळ २ किलो, गूळ १ किलो, आणि शेवटी बेरीज. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला; सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मार्चपर्यंत वही तशीच चालते. एप्रिलपासून महिन्याच्या यादीची आठवड्याची होते, किलोचा पाव किलो होतो. पावसाळ्यात वजनच नाहीसे होते. 'तेल २ रु.', 'डाळ १ रु.', 'चहा ५० पैसे.' आम्ही माल मागायचे सोडून पैसे मागत होतो, तेही वाण्याचेच, कारण रोख कुठे होती? पुढे चार पाने 'मागील बाकी' एवढेच शब्द आणि वाढत जाणारा आकडा. संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही. वडिलांची गिरणी पुन्हा धड चालली नाही. ती बाकी आईने १९८६ पर्यंत फेडली.

मला त्या वहीतून कळले ते हे, की सुट्या मालाला खालची मर्यादा नसते. गिऱ्हाइकाची ऐपत पन्नास पैशांची असेल तर पन्नास पैशांची पुडी बांधता येते. पाकिटाला मर्यादा असते, कारण ते कारखान्यात भरताना गिऱ्हाईक समोर नसते. पुढे कंपन्यांनी ही मर्यादा शांपूच्या पुडीने ओलांडली : किंमत एक रुपया ठरवायची आणि वजन त्यात बसवायचे. ते आमच्या 'तेल २ रु.' याच हिशोबाचे, फक्त त्यात उधारी नाही.

'गिऱ्हाईक समोर नसते' हे शब्द मी कायद्यातूनच घेतले आहेत. वैधमापन कायदा, २००९ यात आवेष्टित वस्तूची व्याख्या साधारण अशी आहे : खरेदीदार हजर नसताना जी ठरावीक प्रमाणात पाकिटात भरली जाते, ती. याच व्याख्येवर कर उभा आहे. १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या, आधीच भरलेल्या, लेबल लावलेल्या डाळी-धान्यांवर ५ टक्के जीएसटी लागला. डोळ्यांसमोर तोलून दिलेल्या सुट्या मालावर तो नाही. ही सवलत नाक्यावरच्या दुकानातून मूठमूठ घेणाऱ्यांचा विचार करून ठेवली असावी, असे मला वाटते. कायदा मात्र बरणी काचेची आहे की गोणी तागाची, हे पाहत नाही.

म्हणून तर मला तो काउंटर महत्त्वाचा वाटला. ज्यांना बंद पाकीट परवडते त्यांना सुटे विकण्यासाठी मॉलने फळी परत आणली आहे. सोबत चाखून बघणे, विचारून घेणे आणि हवे तेवढेच मागणेही आणले आहे. गरजेने पाव किलो मागणे आणि आवडीने पाव किलो मागणे, दोन्ही काट्यावर सारखेच दिसतात. आमच्या काळी हळूच सांगायचे ते इथे लोक मोठ्याने सांगतात. फळीवरची एकच गोष्ट परत आलेली नाही : वही. तिच्या जागी कार्ड आहे, पण कार्ड देताना बँक आधी पगाराची चिठ्ठी बघते. आमच्या दाणेवाल्याने एप्रिल ते डिसेंबर १९८२ पगार नसलेल्या घराला माल दिला. तो काही संत नव्हता, त्याच्या तागडीबद्दल आईची खात्री नव्हतीच. पण आमच्या चाळीतली सगळी घरे त्याची गिऱ्हाइके होती. ती उपाशी राहून गावी निघून गेली असती तर त्याची मागची सारी बाकी बुडाली असती. देत राहणे हाच वसुलीचा मार्ग होता.

निघताना मी त्या मुलाला विचारले, तुझ्या घरी डाळ कुठून आणतात?

"आम्ही डोंबिवलीला राहतो काका. महिन्याची पाकिटं एकदम भरतो, मोठ्या दुकानातून. ऑफर असते." मग जरा थांबून म्हणाला, "सुटी नाही घेत आई. म्हणते, खडे असतात."

गल्ल्यावर बिल घेतले. डाळीपुढचा कराचा रकाना शून्य होता. पिशवीवरची चिकटपट्टी घरी येऊन सोडवली आणि १९८२ च्या वहीत, 'डाळ १ रु.' लिहिलेल्या पानासमोर लावली. आईने डाळ ताटात पसरली, चष्मा लावला आणि निवडायला बसली.