‘सहन कर’ म्हणण्याआधी हे ऐका: हार्मोन्स आणि ऑपरेशननंतरचं दुखणं

पनवेलहून मी बोलतेय. आजचा एपिसोड छोटा आहे, पण घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर शेवटपर्यंत ऐका.

ऑपरेशन एकच, टाकेही तेवढेच, मग एकाला कमी आणि दुसऱ्याला जास्त का दुखतं? सरासरी पाहिली तर ऑपरेशननंतर बायका पुरुषांपेक्षा जास्त वेदना सांगतात. भीती, झोप, आधीचं दुखणं अशी कारणं बरीच आहेत. त्यातलं एक म्हणजे सेक्स हार्मोन्स.

टेस्टोस्टेरॉन साधारणपणे वेदनेला ब्रेक लावतं. इस्ट्रोजेनचं गणित इतकं सरळ नाही. ते वेदना कधी वाढवतं, कधी कमी करतं. किती आहे आणि किती झपाट्याने वर-खाली होतंय, यावर ते ठरतं. आता बघा, बाळंतपणानंतर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन धाडकन खाली येतात, आणि सिझेरियनचे टाके नेमके त्याच दिवसांत भरत असतात. गर्भाशयासोबत दोन्ही अंडाशयं काढली, तर पाळी जाण्याचा बदल एका दिवसात होतो.

२०१५ मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग गाजला. नसेला इजा झाल्यावर नरांमध्ये वेदना टिकवत होत्या मज्जारज्जूतल्या ‘मायक्रोग्लिया’ नावाच्या पेशी. माद्यांमध्ये त्या पेशी थांबवूनही फरक पडेना, कारण तिथे रोगप्रतिकारशक्तीच्या वेगळ्याच पेशी काम करत होत्या. माद्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं, तर त्यांचाही मार्ग नरांसारखा झाला! म्हणजे दुखणं सारखं, वायरिंग वेगळं.

मग हे आधी का कळलं नाही? ‘पेन’ या जर्नलमधले १९९६ ते २००५ चे प्राण्यांवरचे अभ्यास मोजले, तेव्हा ७९ टक्के अभ्यास फक्त नरांवर निघाले.

आपल्या खारघरला टाटा मेमोरियलचं ‘ॲक्ट्रेक’ आहे ना, त्याच टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या कॅन्सरच्या १,००० रुग्णांवर एक चाचणी केली. निम्म्या जणींना ऑपरेशनच्या ५ ते १४ दिवस आधी प्रोजेस्टेरॉनचं एक इंजेक्शन दिलं. निष्कर्ष २०११ मध्ये आले. तिथे दुखणं मोजलं नव्हतं, कॅन्सर परत येतो का ते पाहिलं. पण ऑपरेशनच्या वेळी शरीरात कुठलं हार्मोन किती आहे, हा प्रश्न महत्त्वाचा मानला गेला. दुखण्याबाबतही तो विचारायला हवा.

माझ्या मावशीच्या वॉर्डात बायकांना एकच उत्तर मिळायचं: “सहन करा, सगळ्यांनाच दुखतं.” पण सरासरी म्हणजे तुमची आई नव्हे, बाबाही नव्हेत. पुरुष आहेत म्हणून त्यांना कमी दुखेल, असंही नाही.

तर एवढं करा. ० ते १० मध्ये दुखणं किती, ते नर्सला आकड्यात सांगा. असह्य होईपर्यंत थांबू नका. हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा, मनाने बंद करू नका. पेनकिलरही मनाने वाढवायची नाही.

हा एपिसोड फॅमिली ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या आठवड्यात!