संचाच्या पाठीमागील दारे

गिरगावातील ज्या चाळीत माझे बालपण गेले, ती पाडून तेथे नवी इमारत बांधावयाची, असे ठरले. बिऱ्हाडे एकेक करून हलू लागली. कोणी बोरिवलीस गेले, कोणी डोंबिवलीस. आवराआवर चालू असता माळ्यावरच्या ट्रंका खाली आल्या आणि त्यांपैकी एकीत, जुन्या पंचात गुंडाळलेली एक व्हिडिओ कॅसेट सापडली. तिच्यावर निळ्या शाईने लिहिले होते, 'गणेशोत्सव 1988'. त्या वर्षी चाळीने वर्गणीतून पैसे काढून उत्सवाचे चित्रीकरण करविले होते. आरती, पटांगणातील मुलांचे नाटक, विसर्जनाची मिरवणूक, असे सारे त्या फितीत असावयास हवे होते.

दुसऱ्या मजल्यावरील काकूंचे यजमान त्या नाटकाचे दिग्दर्शक होते. त्यांना जाऊन पुष्कळ वर्षे लोटली. त्यांची छायाचित्रे काकूंनी जपून ठेवली होती. आवाज मात्र कोठेच उरला नव्हता. "चाळ सोडायच्या आधी तेवढी कॅसेट लावून दाखव रे बाबा," असे काकू मला म्हणाल्या, आणि "त्यात काय मोठेसे!" असे म्हणून मी मोकळा झालो.

घरी येऊन मी आमच्या नव्या दूरदर्शन संचाच्या पाठीमागे डोकावलो, तेव्हा ते काम वाटले तितके सोपे नाही, हे ध्यानी आले.

मुलांनो, तुमच्या घरी संच असेल तर तुम्हीही एकदा असेच डोकावून पाहा. पुढून तो एक गुळगुळीत पडदा दिसतो. मागे मात्र लहानमोठ्या, गोल-चपट्या खोबणींची रांगच असते. ही संचाची दारे होत. काही दारे आत येण्याची, तर काही बाहेर जाण्याची. चित्र आणि ध्वनी ही विजेच्या रूपाने तारेतून चालत येतात; ती कोठून निघाली आणि कोणत्या दाराने कोठे शिरावयाची, हे ज्याला कळले त्याला कोणतेही यंत्र संचास जोडता येते. ज्याला हे कळले नाही, तो पिना खुपशीत बसतो.

प्रारंभी संचाला येण्याचे दार एकच होते. मुंबईत दूरदर्शन केंद्र सुरू झाले ते 2 ऑक्टोबर 1972 रोजी, वरळी येथे. तेथील उंच मनोऱ्यावरून निघालेल्या लहरी हवेतून येत आणि गच्चीवरील अँटेनाच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या त्या झेलीत. चपट्या दुपदरी तारेतून त्या खाली घरात येत. अँटेनाचे तोंड वरळीकडे असावे लागे. त्यामुळे गिरगावातील गच्च्यांवरचे अँटेना उत्तरेकडे, तर दादरचे नैऋत्येकडे पाहत उभे असत. वाऱ्याने वा कावळ्यांनी तो जरा हलविला, की पडद्यावर मुंग्या धावू लागत. मग घरातील एकजण गच्चीवर जाई, एकजण खिडकीत उभा राही, आणि "आले का?" "आले... आले... गेले!" असा संवाद साऱ्या वाडीला ऐकू येई. एका घरी संच असे आणि 'छायागीत' पाहावयास मजलाभर मंडळी जमत. त्या एकाच तारेतून चित्र आणि ध्वनी दोन्ही येत. एकाच टांग्यातून दोन प्रवासी यावेत, तसे ते होते.

परंतु आमची कॅसेट हवेतून येणार नव्हती. तिच्यासाठी व्हीसीआर हवा होता, आणि व्हीसीआर आता बाजारात नवा मिळत नाही. जपानमधील फुनाई कंपनीने 2016 साली त्यांचे उत्पादन थांबविले, आणि हे यंत्र बनविणारी ती जवळजवळ शेवटची कंपनी होती. शेवटी लालबागचे एक परिचित गृहस्थ आठवले. 1980 नंतरच्या दशकात ते व्हीसीआर आणि रंगीत संच भाड्याने देत. भारतात रंगीत प्रक्षेपण सुरू झाले ते 1982 साली. आणि त्याच वर्षी, 18 जानेवारीपासून, मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला होता. लालबाग-परळच्या ज्या घरांत चूल पेटण्याची पंचाईत, तेथे रंगीत संच कोण विकत घेणार? म्हणून चाळकरी वर्गणी काढून एका रात्रीपुरता संच आणीत. सत्यनारायणाची पूजा झाली, की पटांगणात सतरंज्या पसरावयाच्या आणि पहाटेपर्यंत ओळीने तीन चित्रपट पाहावयाचे, असा तो बेत असे. पुढे कोणी हिकमती माणसाने एकाच व्हीसीआरची तार खिडकी-खिडकीतून फिरवून घरोघरी चित्र नेले. मुंबईत घरोघरी केबल पसरली ती अशाच धडपडीतून. त्या गृहस्थांनी आपला जुना व्हीसीआर फडक्याने पुसून माझ्या हाती दिला आणि बजावले, "फितीवर पांढरी बुरशी दिसली तर लावू नका. फीतही जाईल आणि मशीनही." मुंबईच्या पावसाळ्यात कॅसेटींचा खरा वैरी ओलावाच. सुदैवाने आमची फीत स्वच्छ होती.

व्हीसीआरच्या पोटात काय चालते, ते थोडे समजून घेऊ. कारण पुढचे सारे त्यावरच अवलंबून आहे. कॅसेटमधील फीत अर्धा इंच रुंदीची असून तिच्यावर चुंबकीय लेप असतो. ती सेकंदाला सव्वादोन सेंटिमीटरांहून किंचित अधिक, इतक्या संथपणे सरकते. चित्र वाचावयास मात्र एवढा वेग पुरत नाही. म्हणून फीत एका धातूच्या ढोलाभोवती तिरपी गुंडाळली जाते आणि तो ढोल सेकंदाला 25 फेऱ्या मारतो. ढोलावरील वाचक तिरप्या रेघांत साठविलेले चित्र वाचीत जातात. ध्वनी मात्र फितीच्या काठाने सरळ रेषेत नोंदविलेला असतो, आणि त्यास वाचणारा दुसराच, स्थिर असा वाचक असतो. म्हणजे चित्र आणि ध्वनी एकाच फितीवर राहत असले, तरी त्यांच्या वाटा पहिल्यापासून वेगळ्या.

जुन्या काळी व्हीसीआर या दोघांना पुन्हा एका तारेत कोंबून अँटेनाच्या दाराने संचात पाठवीत असे. संचाला वाटे की हे दूरदर्शन केंद्रच बोलत आहे! परंतु या कोंबाकोंबीत चित्र भुरकट होई. म्हणून मग वेगवेगळ्या तारा आल्या. पिवळ्या पिनेतून चित्र, पांढऱ्या पिनेतून डाव्या बाजूचा ध्वनी, तांबड्या पिनेतून उजव्या बाजूचा. या रंगांत जादू काही नाही. तिन्ही तारा जवळजवळ सारख्याच असतात. रंग आहेत ते माणसाची चूक होऊ नये म्हणून. आमच्या व्हीसीआरला ध्वनीची एकच खोबण होती, म्हणून पिवळी आणि पांढरी एवढ्या दोन तारांनी काम भागणार होते.

पण त्या जोडावयाच्या कोठे? काही नव्या संचांना पिवळी-पांढरी दारे असतात, काहींना त्यांच्याऐवजी एक बारीक गोल छिद्र असते. आमच्या संचाला दोन्हीही नव्हते. होती ती एचडीएमआय नावाची चपटी दारे. 2002 सालच्या अखेरीस ठरलेल्या या जोडणीत 19 बारीक पट्ट्या असतात, आणि तिच्यातून चित्र-ध्वनी जातात ते अंकांच्या रूपाने. जुन्या तारेतील विजेचा दाब उजेडाप्रमाणे चढतो-उतरतो, गवयाने सूर लांबवावा तसा. नव्या तारेत पडद्यावरील प्रत्येक ठिपक्याचा हिशेब मांडलेला असतो. 1920 उभ्या आणि 1080 आडव्या ओळींच्या पडद्यावर असे 20,73,600 ठिपके होतात. दोन भाषा अगदी निराळ्या. तेव्हा मध्ये दुभाषा हवा.

तो आणावयास मी लॅमिंग्टन रोडला गेलो. या रस्त्याचे नाव आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. परंतु तारा आणि सुटे भाग शोधणारा मुंबईकर अजून लॅमिंग्टन रोडच म्हणतो. "पिवळी पिन आणि एचडीएमआय जोडणारी डबी द्या," असे मी म्हटले. त्यावर दुकानदाराने, बसमधील वाहकाने विचारावे तसे विचारले, "कुठून कुठे?"

मी गोंधळलो. त्याने दोन डब्या पुढे ठेवल्या. आकार तोच, खोबणी त्याच. फरक एवढाच की एक डबी जुन्या तारेतील चित्र घेऊन अंकांत देते, आणि दुसरी अंक घेऊन जुन्या तारेत देते. उलटी डबी नेली असती, तर मी रात्रभर पिना फिरवीत बसलो असतो आणि पडदा काळाच राहिला असता. डबी कोणत्या बाजूने ऐकते आणि कोणत्या बाजूने बोलते, ते तिच्यावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते. 'इन' म्हणजे आत, 'आऊट' म्हणजे बाहेर. शिवाय या दुभाष्याला स्वतःचा खुराक लागतो: पाच व्होल्ट वीज. ती मोबाईलच्या चार्जरमधूनही देता येते.

घरी येऊन प्रथम मी विजेची बटणे बंद केली. तारा जोडताना वा काढताना हे करावेच. आणि संचाचे मागील झाकण उघडण्याच्या भरीस तुम्ही कधीही पडू नका. जुन्या, पोटमोठ्या संचात तर बटण बंद केल्यावरही हजारो व्होल्टांचा साठा राहू शकतो. तारा जोडून मी वीज दिली. पडदा निळा, वर अक्षरे: 'सिग्नल नाही'. येथे बहुतेकांचा धीर सुटतो. परंतु संच त्या वेळी सेट टॉप बॉक्सच्या दाराकडे तोंड करून बसला होता. 1 नोव्हेंबर 2012 पासून मुंबईतील केबलसाठी ही पेटी सक्तीची झाली, आणि घरोघरी तिने पहिले दार अडवले. रिमोटवरील 'सोर्स' हे बटण दाबून संचाला दुसऱ्या दाराकडे पाहावयास सांगताच चित्र उमटले.

चाळीचे पटांगण दिसू लागले. झालर, बाकडी, मखर आणि हाफ पँटीतील मीही! सगळी माणसे आडवी फुगलेली दिसत होती, कारण जुने चित्र चारास तीन या प्रमाणाचे आणि नवा पडदा सोळास नऊचा. संचाच्या मांडणीत जाऊन ते प्रमाण बदलताच माणसे पूर्ववत सडपातळ झाली. चित्र नव्यासारखे लखलखीत मात्र झाले नाही. डबी भाषा बदलते. फितीवर जे नाही, ते ती कोठून आणणार?

पण आवाज नव्हता. काकांचे ओठ हलत होते, हात हलत होते, आणि शब्द एकही नाही. ज्यासाठी हा सारा खटाटोप, तेच नेमके हरवले होते.

अशा वेळी सगळ्या तारा उपसून काढू नयेत. वाट टप्प्याटप्प्याने तपासावी. संचाचा आवाज वाढवून पाहिला. सेट टॉप बॉक्सकडे वळून पाहिले. तेथे बातम्या स्पष्ट ऐकू येत होत्या. म्हणजे संच निर्दोष. डबीतून चित्र येत होते, म्हणजे डबी जागी होती. पांढरी तार पिवळीच्या खोबणीत लावून पाहिली, तर तिच्यातूनही चित्र आले; म्हणजे तार तुटलेली नव्हती. राहिला तो व्हीसीआर. विजेरी घेऊन मी त्याच्या पाठीशी वाकलो, आणि चूक सापडली. तेथे खोबणींच्या दोन जोड्या होत्या, एक आत घेणारी, दुसरी बाहेर देणारी. पिवळी पिन मी 'आऊट'मध्ये बरोबर लावली होती. पांढरी मात्र शेजारच्या 'इन'मध्ये. येणाऱ्या दारातून बाहेर पडण्याची वाट ध्वनी बिचारा पाहत राहिला होता. पिन बदलली आणि खोली एकदम ढोलकीच्या आवाजाने भरून गेली.

शेवटच्या रविवारी पटांगणात सतरंज्या पसरल्या. हललेली बिऱ्हाडेही आली. संचातील लहान कर्णे एवढ्या लोकांना पुरणारे नव्हते, म्हणून चाळीचा जुना ॲम्प्लिफायर काढला. येथे पुन्हा त्याच पांढऱ्या-तांबड्या पिना. पण आता उलट दिशेने! एवढा वेळ संच पाहुणा घेत होता, आता त्याने पाहुणा पाठवावयाचा होता. संचाच्या, कानात घालावयाच्या यंत्रासाठी असलेल्या छिद्रातून तार निघाली आणि ॲम्प्लिफायरच्या 'इन'मध्ये गेली. चाळीतील दोन मुलांनी हे काम केले. मी केवळ "कुठून कुठे?" एवढेच विचारीत होतो.

नाटक सुरू झाले. एक लहानगा राजा आपले भाषण पुटपुटू लागला, आणि पडद्याबाहेरून काकांचा खणखणीत आवाज आला, "मोठ्याने बोल! शेवटच्या रांगेला ऐकू गेले पाहिजे!"

पटांगणात हशा पिकला. काकू हसल्या नाहीत. त्या खुर्ची सोडून उठल्या आणि मजजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "जरा मागे घे रे."

मी फीत मागे घेतली. त्या संध्याकाळी ती तीन वेळा मागे घेतली.