विमानाआधीचे तास

चेन्नई विमानतळाची दुसरी धावपट्टी अड्यार नदीवर बांधलेल्या पुलावरून जाते. १ डिसेंबर २०१५ रोजी चेंबरमबाक्कम तलावातून सेकंदाला २९,००० घनफुटांपर्यंत पाणी सोडावे लागले. ते याच नदीने शहरात आले आणि मीनंबाक्कमचा हा विमानतळ पाण्याखाली गेला. प्रवाशांसाठी अरक्कोणमच्या नौदल तळावरून विमाने सोडली गेली, आणि ६ डिसेंबरपासून मीनंबाक्कमची उड्डाणे हळूहळू सुरू झाली. असा पूर दरवर्षी येत नाही, पण विमानाने परदेशी जाणारा थंड माल कशाच्या भरवशावर जातो, ते अशा वेळी उघडे पडते. प्रवाशाला चार दिवस थांबवता येते, ताज्या मासळीला नाही. या धंद्याला आपण ‘शीतसाखळी’ म्हणतो आणि लगेच यंत्रांचा विचार करू लागतो. माझे म्हणणे असे की हवाई वाहतुकीपुरती ही साखळी थंडीपेक्षा तासांची आहे, आणि त्यातले बहुतेक तास हवेत नव्हे, जमिनीवर खर्ची पडतात.

वर आकाशात उणे पन्नास अंश असतात, तेव्हा माल आपोआप गार राहत असेल, अशी एक भाबडी समजूत आहे. प्रत्यक्षात मोठ्या प्रवासी विमानाच्या पोटातला मालकक्ष प्रवासी कक्षासारखाच हवेच्या दाबाखाली असतो आणि गोठणार नाही इतका उबदार राखलेला असतो. त्याच कक्षात शेजारी फुले, यंत्रांचे सुटे भाग, कधी कुणाचे कुत्रेही असते. एका मासळीच्या खेपेसाठी त्या सगळ्यांना कुणी गोठवणार नाही. म्हणजे थंडी निघतानाच पेटीत भरून द्यायची आणि पोचेपर्यंत ती पुरवायची. ही विद्या चेन्नईला नवी नाही. मरीना किनाऱ्यावर १८४२ साली बांधलेले आइस हाऊस आजही उभे आहे. पुढे १८९७ मध्ये विवेकानंद तिथे राहिले म्हणून आज ते त्यांच्या नावाने ओळखले जाते, पण बांधले होते बोस्टनहून जहाजाने येणारा बर्फ साठवायला. हा व्यापार करणाऱ्या फ्रेडरिक ट्यूडरचे भारतात आलेले पहिले जहाज १८३३ मध्ये कोलकात्याला गेले. निघताना त्यात १८० टन बर्फ होता, चार महिन्यांनी सुमारे १०० टन उतरला. वाटेत थंडी निर्माण करणारे यंत्र नव्हतेच. किती वितळेल याचा अंदाज आणि भुशाचा जाड थर, एवढ्यावर सगळा हिशेब. आजची थर्माकोलची पेटी त्याच हिशेबावर चालते.

अशी एक पेटी उघडून पाहण्यासारखी असते. आत पॉलिथिनचे अस्तर, तळाशी पाणी शोषणारा पॅड, त्यावर मासळी, वरून जेल पॅक. साधा बर्फ बऱ्याच विमान कंपन्या घेत नाहीत, कारण तो वितळून खारे पाणी गळले तर विमानाचा धातू गंजतो. गोठवलेल्या मालाला उणे १८ अंश लागतात, तिथे ड्राय आइस घालतात. तो उणे ७८.५ अंशांचा असतो आणि किलोमागे साध्या बर्फाच्या सुमारे १.७ पट उष्णता शोषतो. मात्र त्याचा सरळ कार्बन डायऑक्साइड वायू होतो. म्हणून विमान वाहतुकीच्या नियमांत तो नवव्या वर्गातला धोकादायक माल आहे, त्याचा संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक १८४५. पेटी हवाबंद करायची नाही, वर ड्राय आइसचे निव्वळ वजन लिहायचे, आणि जिवंत प्राण्यांच्या शेजारी ती ठेवायची नाही. चेन्नईहून मोठ्या प्रमाणावर जाणाऱ्या जिवंत चिंबोऱ्यांना तर यातले काहीच चालत नाही. नांग्या बांधून, अंग ओले ठेवून त्या पाठवायच्या, फार गार केल्या तर मरतात. हापूसही साधारण १२ अंशांच्या खाली फार काळ राहिला तर साल काळवंडते. ‘थंड माल’ असा एक माल नाहीच. प्रत्येकाचे तापमान वेगळे, आणि ते बिघडायला लागणारा वेळही वेगळा.

आता वेळाचा जमाखर्च पाहू. चेन्नई ते सिंगापूर हे उड्डाण चार तासांच्या आसपासचे. त्याआधी चेन्नईच्या कासिमेडूसारख्या मासेमारी बंदरावर मासळी उतरणे, निवड, पॅकिंग, आरोग्य प्रमाणपत्र, कस्टम्स, एक्स-रे, मग पॅलेटवर रचणे. विमान सुटण्याच्या कितीतरी आधी माल ताब्यात द्यावा लागतो. शेवटी पॅलेट ओढत विमानाजवळ नेतात आणि ते तिथे मे महिन्याच्या उन्हात काँक्रीटवर उभे राहते. या पल्ल्यात ना कोल्ड रूमची भिंत असते ना विमानाची, आणि पेटीतली थंडी सर्वांत वेगाने खर्च होते ती इथे. त्यात वजन वाढले तर प्रवाशांच्या बॅगा जातात आणि कार्गो ‘ऑफलोड’ होतो, म्हणजे पुढच्या विमानापर्यंत मुक्काम. कागदाचे तर विचारूच नका. १९८९ पासून बंद असलेला आपला आंबा २००७ मध्ये, लासलगावच्या केंद्रात विकिरण करून, अमेरिकेला पुन्हा जाऊ लागला. मे २०२५ मध्ये नवी मुंबईत विकिरण झालेल्या आंब्याच्या सुमारे १५ खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा इथे अडवल्या गेल्या. कारण तापमान नव्हते, विकिरणाच्या कागदपत्रांतली चूक होती. परत आणणे परवडेना, म्हणून माल तिथेच नष्ट करावा लागला. निर्यातदारांनी नुकसान सुमारे ५ लाख डॉलरचे सांगितले. विमानाने आपले काम चोख केले होते.

यावर पहिला आक्षेप असा की मग विमान हवेच कशाला? जहाज आहे. हा आक्षेप वजनदार आहे आणि मी तो अर्धा मान्य करतो. टनामागे अंतर सारखे धरले तर विमानातून होणारे कार्बन उत्सर्जन जहाजाच्या पन्नास पटींच्या घरात जाते. नाशिकची द्राक्षे दशकानुदशके रीफर म्हणजे शीत कंटेनरमधून न्हावाशेवाहून युरोपला जात आहेत. २०२२ मध्ये विकिरण केलेला आंबाही समुद्रमार्गे अमेरिकेला पाठवून पाहिला गेला. भारताची गोठवलेली कोळंबी तर मुख्यतः समुद्रानेच जाते, आणि ते योग्यच आहे. उणे १८ अंशांवरच्या मालाला घाई नसते. घाई नसलेल्याने विमानाचे तिकीट काढणे ही उधळपट्टी आहे. अडचण येते ती थोड्या मालाची. गणपतीच्या आधी एखाद्या छोट्या उद्योगाला दोनशे किलो गोठवलेले उकडीचे मोदक लंडनला पाठवायचे असतील, तर त्याने चाळीस फुटी कंटेनर भरायचा कसा? इतरांबरोबर वाटून घेतलेला रीफर कंटेनर सहज मिळू लागला तर हा माल विमानातून उतरेल. तोवर त्याला दोष देण्यात अर्थ नाही. आणि जहाजालाही वेळाचे ग्रहण लागतेच. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात हल्ले सुरू झाले आणि युरोपची जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा द्राक्षांचा प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञांचा: बॅटरीवर चालणारे, स्वतः तापमान राखणारे कंटेनर आहेत, तेव्हा जमिनीवरच्या तासांची चिंता कशाला? कंटेनर आहेत, चांगलेही आहेत, पण त्यांचे भाडे लसी आणि औषधांना परवडते. सुरमईच्या भावात ते बसत नाही. हवाई मासळीचे अर्थकारण मुळात रिकाम्या जागेवर उभे राहिले. १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सच्या अकिरा ओकाझाकी यांनी कॅनडाच्या किनाऱ्यावरचा ब्लूफिन ट्यूना टोकियोला आणवला. जपानी इलेक्ट्रॉनिक वस्तू पोचवून विमाने रिकामी परतत होती, त्यांना परतीचा माल हवा होता. आजही जगातला निम्म्याच्या आसपास हवाई माल प्रवासी विमानांच्या पोटातून जातो. म्हणूनच मार्च २०२० मध्ये कोविडमुळे प्रवासी थांबले तेव्हा मालाची जागाही गेली आणि भाडी भडकली. ज्या धंद्याला जागा उरलीसुरली मिळते, त्याला महागडी पेटी घेऊन दे म्हणण्यापेक्षा विमानाच्या दारापर्यंत सावली, तिथवर जाणारी थंड ट्रॉली आणि रात्री उघडी राहणारी तपासणी खिडकी देणे स्वस्त पडते. शेतमालाच्या हवाई वाहतुकीसाठीची कृषी उडान योजना २०२० मध्ये आली. तिच्यासारख्या योजनांत भाडे आणि शुल्कांच्या सवलतींची चर्चा जास्त होते. माझ्या मते किलोमागे चार रुपये कमी करण्यापेक्षा पॅलेटमागे दोन तास कमी करणे निर्यातदाराला जास्त मोलाचे आहे.

चेन्नईत हा हिशेब लवकरच नव्याने मांडावा लागेल. शहराचा दुसरा विमानतळ कांचीपुरम जिल्ह्यात परंदूरला, सुमारे ७० किलोमीटरवर, व्हायचा आहे. एकनापुरमसह तिथल्या गावांचा २०२२ पासून विरोध आहे, तो जमीन आणि तलावांसाठी, आणि तो प्रश्न आंब्या-मासळीपेक्षा मोठा आहे. पण विमानतळ झालाच, तर कासिमेडूच्या मासळीला शहर ओलांडून महामार्गाने परंदूरपर्यंत जावे लागेल. मीनंबाक्कमला आज जो पल्ला शहराच्या आत संपतो, त्यात उन्हातले दीड-दोन तास वाढतील, आणि तेवढा जास्तीचा जेल पॅक प्रत्येक पेटीत भरावा लागेल. त्याचे वजन निर्यातदाराच्या भाड्यात चढेल.