पाहुण्याचा पैसा गावात जिरवा



डोंगरमाथ्यावर पाऊस कितीही पडला तरी ते पाणी शिवारात अडले नाही तर आपल्या विहिरीला त्याचा काही उपयोग नाही, हे आता शाळेतले पोरही सांगते. पर्यटकांच्या पैशाचे अगदी तसेच आहे. शनिवारी गाड्यांची रांग लागते, रविवारी संध्याकाळी ती परत जाते आणि सोमवारी गावात काय उरते? बऱ्याच गावांत उरतो तो कचरा, आटलेली विहीर आणि कुणातरी बाहेरच्या मालकाच्या गल्ल्यात गेलेला पैसा. तो पैसा आपल्या वाडीत, आपल्या कोठीत, आपल्या शेजाऱ्याच्या दुकानात कसा मुरवायचा, याचा विचार आज करू. त्यासाठी रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगरचे उदाहरण घेऊ. या गावाने पर्यटनाचा चढही पाहिला, उतारही पाहिला आणि शेतीवरचा घालाही सोसला.

दिवेआगर हे जुने आगर. शके 982 मधला, म्हणजे इसवी सन 1060 चा, येथला मराठी ताम्रपट अभ्यासकांना ठाऊक आहे. रूपनारायणाचे देऊळ आहे, सुरूच्या बनामागे लांबच लांब किनारा आहे आणि घराच्या मागच्या दारापासून समुद्राकडे जाणाऱ्या नारळ-पोफळीच्या वाड्या आहेत. पण पुण्या-मुंबईची माणसे या गावाकडे वळली ती 1997 च्या नोव्हेंबरात. एका वाडीत आळे खणताना तांब्याची पेटी लागली आणि तीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला. गर्दी सुरू झाली. पाहुण्यांना जेवायला कुठे घालायचे, हा प्रश्न गावाने घरातल्या घरातच सोडवला. ओटीवर पंगती बसल्या, माडीवरच्या खोल्या झाडून घेतल्या, न्हाणीघरे बांधली. कुणा मोठ्या कंपनीने येऊन हे केले नाही. घरच्या बायकांनी मोदकाची उकड काढून केले.

मग 24 मार्च 2012 च्या पहाटे दरोडा पडला. देवळाचे दोन पहारेकरी मारले गेले आणि मुखवटा गेला. त्यानंतर दर्शनासाठी येणारी गर्दी ओसरली आणि एका गोष्टीवर गावाचा धंदा किती टेकला होता, ते सर्वांना कळले. ज्यांच्याकडे पाहुणा केवळ दर्शनाआधीच्या जेवणापुरता येत होता, त्यांचे हाल झाले. ज्यांच्या वाडीची, स्वयंपाकाची आणि वागण्याची ओढ लागून माणसे येत होती, त्यांच्याकडे ती पुढेही येत राहिली. 2021 च्या नोव्हेंबरात नव्या मुखवट्याची प्रतिष्ठापना झाली आणि देवळाला पुन्हा देवपण आले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण मधल्या काळात शिकलेला धडा विसरण्यासारखा नाही.

त्याहून मोठा घाव 3 जून 2020 ला बसला. निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने आजोबा-पणजोबांनी लावलेले माड मुळासकट आडवे झाले आणि पोफळी काडीसारख्या मोडल्या. इथली वाडी गुंठ्यांत मोजायची आणि सरकारी मदत हेक्टरांत! ते गणित जमेना. पुढे शासनाने नारळाच्या झाडाला 250 आणि सुपारीच्या झाडाला 50 रुपये अशी झाडावार मदत ठरवली. पोफळ फळाला यायला पाच-सहा वर्षे लागतात, बाणवली माडाला सहा-सात. तेवढी वर्षे घर कशावर चालवायचे? अनेक घरांना त्या काळात पाहुण्यांच्या जेवणावळीनेच हात दिला असणार. उलट बाजूही खरी आहे. वाडी नाही तर पाहुणा तरी कशाला येईल? काँक्रीटच्या खोल्या त्याच्या शहरात काय थोड्या आहेत?

म्हणून माझे पहिले सांगणे वाडीबद्दल आहे, खोल्यांबद्दल नाही. गाड्या उभ्या करायला पोफळी तोडू नका. पोहण्याचा हौद बांधण्यासाठी तर मुळीच तोडू नका. शंभर पावलांवर समुद्र असताना हौद कशाला हवा, हे मला आजवर कुणी पटवून दिलेले नाही.

वादळात वाचलेल्या पोफळींचे एक दुखणे अजूनही कित्येक वाड्यांत दिसते. भोवतालचे माड गेल्यामुळे दक्षिण-पश्चिमेकडून येणारे तिरपे ऊन थेट खोडावर पडते. खोड आधी सोनेरी, मग तपकिरी होते, साल तडकते आणि दोन-चार वर्षांनी झाड त्याच जागी मोडते. अशा बाजूला केळीची रांग लावावी आणि ती वाढेपर्यंत खोडाला विरी किंवा झापे बांधावीत. पडलेली खोडे वाडीत कुजत ठेवू नयेत. त्यात आणि उघड्या शेणखाताच्या ढिगात गेंड्या भुंगा वाढतो आणि नव्या माडाचा कोंब खातो. नवी लागवड करताना माडात साडेसात मीटर आणि पोफळीत पावणेतीन मीटर अंतर सोडा. दाटी केली की फळ कमी आणि रोग जास्त. पोफळीचे रोप कोकण कृषी विद्यापीठाने शिफारस केलेल्या श्रीवर्धनी रोठा जातीचेच घ्या, कारण या भागाच्या सुपारीचे नाव त्या जातीनेच राखले आहे.

माडांच्या मधल्या जागेत मसाल्याची झाडे घ्या. रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने नारळात जायफळ, दालचिनी, मिरी घेऊन ‘लाखी बाग’ दाखवली, तिचा पाहुण्यांच्या गावाला दुप्पट उपयोग आहे. शहरातल्या मुलाने मिरीचा वेल माडावर चढलेला पाहिलेला नसतो. दालचिनी ही झाडाची साल असते, हे त्याच्या आईलाही पुष्कळदा ठाऊक नसते. सकाळी तासभर वाडीत फिरवून साल कशी सोलतात ते दाखवले, पान चुरडून वास घ्यायला दिला, की जाताना तीच बाई पाव किलो दालचिनी आपणहून मागते. बाजारात व्यापारी जो भाव देईल तो घ्यायचा आणि घराच्या ओट्यावर आपण ठरवू तो मिळवायचा, यातला फरक तुम्हाला सांगायला नको. अलिबागकडचे शेतकरी पांढऱ्या कांद्याच्या माळा रस्त्याकडेला टांगून विकतात. त्यात शिकण्यासारखे हेच आहे, की माल ओळखीचा आणि बांधणी देखणी असली तर गाडी थांबते.

आता ताटाचा हिशेब करू. समजा, तुम्ही एका ताटाचे 200 रुपये घेता. तांदूळ दुकानचा, भाजी वाशीच्या बाजारातून आलेली, लोणचे बाटलीचे, पापड पाकिटाचे आणि शेवटी शहरातून आणलेले आइस्क्रीम. अशा ताटातले शंभर-सव्वाशे रुपये त्याच दिवशी गावाबाहेर जातात. तेच ताट घरच्या भाताचे, भातानंतर ओलीवर घेतलेल्या कडव्या वालाच्या बिरड्याचे, केळफुलाच्या भाजीचे, सोलकढीचे आणि नारळ-गूळ घातलेल्या मोदकाचे केले तर बाहेरून येते काय? तेल, गूळ, मीठ, गॅस. आणि खरे सांगायचे तर पाहुणा पनीर खायला ताम्हिणी घाट उतरून येत नाही. जे आपल्याकडे पिकत नाही ते शेजारच्याकडून घ्या. मासळी भरडखोलच्या कोळणीकडून, भाकरी करायला वस्तीवरची एखादी गरजू बाई, वाडीच्या कामाला गावचाच गडी. दुधासाठी दोन म्हशी असणाऱ्याला वर्षाचा भाव बांधून द्या. थर्माकोलच्या ताटल्यांवर राज्यात 2018 मध्ये बंदी आली. पोफळीची विरी भिजवून तापत्या साच्यात दाबली की पत्रावळ आणि वाटी होते. हा कच्चा माल आपण बंबात घालतो!

लोणची, आगळ, जायफळाच्या टरफलाची कँडी किंवा सरबत बाटलीत भरून विकायचे असेल तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करून घ्या आणि बाटलीवर तयार केल्याची तारीख घाला. तारीख नसलेली बाटली शहरी ग्राहक उलटी करून पाहतो आणि जागेवर ठेवतो.

पाण्याबद्दल मात्र काळजीने सांगायचे आहे. पाहुण्यामागे दिवसाला 135 लिटर पाणी धरा. चार खोल्यांत तिघे-तिघे म्हणजे बारा माणसे, म्हणजे सोळाशे लिटर. ठिबकावर मोठ्या माडाला उन्हाळ्यात रोज सुमारे 40 लिटर लागते. तेव्हा चार खोल्या भरल्या की चाळीस माडांचे पाणी न्हाणीघरात गेले. आणि पाहुणे येतात कधी? ऐन मे महिन्यात, विहिरीचा तळ दिसू लागतो तेव्हा. किनाऱ्याच्या वाळूत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगल्यासारखे असते. मोठा पंप लावून सलग उपसा केला की खालचे खारे पाणी वर चढते. माड थोडे खारे पाणी सोसतो, पोफळ सोसत नाही. म्हणून लहान पंप लावा, थांबून थांबून उपसा करा आणि शेजारच्या विहिरीवरही लक्ष ठेवा, कारण खालचा झरा एकच आहे.

न्हाणीचे पाणी केळीला आणि माडाच्या आळ्याला फिरवा. आपल्या आज्या मोरीच्या पाण्यावर अळू लावत होत्या, त्यात नवे काही नाही. संडासाचा शोषखड्डा मात्र विहिरीपासून निदान 50 फूट दूर हवा, आणि वाळूच्या जमिनीत त्याहून जितका दूर नेता येईल तितका बरा. वाळूतून घाण लवकर झिरपते. चार पाहुणे पोट बिघडून परत गेले तर नुसते तुमचेच नव्हे, साऱ्या गावाचे नाव जाते.

कर्ज काढण्याआधी रात्री मोजा. वर्षात शनिवार 52. त्यातले पावसाळ्याचे सोडले तर पस्तीसच्या आसपास उरतात. दिवाळी, नाताळ आणि मेच्या सुटीतले दिवस मिळवले तर साठ-सत्तर रात्री खोली भरेल, असे धरावे. तीनशे रात्रींचा हिशेब दाखवून कर्ज घ्यायला लावणारा दलाल हप्ता भरायला येणार नाही. आधी दोन खोल्या, त्याही जुन्या घरातल्या डागडुजी करून. त्यातून पैसा दिसला की तिसरी.

शासनाने 2020 मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण आणले. निदान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते. गुंठ्यांच्या वाडीवाल्यांना ही अट आड येते. त्यांच्यासाठी घरगुती निवास व न्याहरीची नोंदणी हा सोपा मार्ग आहे. 2023 मध्ये ‘आई’ या नावाने महिलांसाठीचे पर्यटन धोरण आले. त्यात पर्यटन व्यवसायासाठी महिलेने घेतलेल्या 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याज ठरावीक मर्यादेत परत मिळण्याची सोय आहे. घरच्या पुरुषमंडळींना माझी विनंती आहे, की व्यवसायाची नोंदणी आणि बँकेचे खाते घरातल्या बाईच्या नावाने करा. गर्दीच्या दिवशी चाळीस ताटांसाठी पहाटे चारला ती उठते. पाटी मात्र लागते ‘अमुक बंधू’ अशी. आणि सलग तीन दिवस राबल्यावर चौथ्या दिवशी चूल बंद ठेवण्याचा अधिकारही तिलाच असू द्या.

गावागावात चढाओढीने भाव पाडण्याची खोड लागली आहे, तिने कुणाचेच भले होत नाही. मंडणगड तालुक्यातल्या वेळासकडे पाहा. कासवांची अंडी चोरीला जात होती त्या किनाऱ्यावर 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना घेऊन संवर्धन सुरू केले. पुढे पिल्ले समुद्रात जाताना पाहायला लोक येऊ लागले आणि ते राहतात-जेवतात गावकऱ्यांच्याच घरी. तेथे ना मोठे हॉटेल, ना सोन्याची मूर्ती. आहे ते एक राखलेले किनारपट्टीचे धन आणि आपापसात ठरवलेली शिस्त. तुमच्या गावातही ग्रामसभेत बसून ताटाचा किमान दर, एका घराने घ्यायचे जास्तीत जास्त पाहुणे, किनाऱ्यावर गाडी घालणाऱ्याला दंड आणि कचरा उचलण्याची पाळी एवढे ठरवता येईल. आपले घर भरले की पाहुण्याला दारातून परत न पाठवता शेजारच्या घरी पोचते करा, तोही तुमच्याकडे माणसे पाठवील.

रोपांचे तेवढे मनावर घ्या. दालचिनी आणि मिरीची लागवड पावसाच्या सुरुवातीला करायची असते आणि चांगल्या रोपवाटिकांतली रोपे मे संपण्याआधीच बोलली जातात. दालचिनीची पहिली साल तिसऱ्या-चौथ्या वर्षी मिळते, तेव्हा यंदाचा पाऊस चुकवू नका. मागणी नोंदवताना तुमच्या वाडीत मोकळी झालेली जागा पावलांनी मोजून न्या, म्हणजे कृषी सहायकाला रोपांचा आकडा नेमका सांगता येईल.