उभयचरांमधील अंडपेशीची परिपक्वता : संप्रेरकांचे कार्य

प्रस्तावना

निलंगा तालुका मांजरा व तेरणा या नद्यांच्या खोऱ्यात येतो. मान्सूनचा पहिला जोरदार पाऊस झाला की येथील डबकी व ओढ्याकाठचे खड्डे बेडकांच्या आवाजाने भरून जातात. भारतीय बैल-बेडूक (होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस) या जातीचे नर या काळात पिवळेधमक होतात. मादी पाण्यात अंडी सोडते व फलन शरीराबाहेर होते. मात्र ही अंडी पावसानंतर नव्याने तयार होत नाहीत. ती अंडाशयात आधीच वाढलेली असतात. प्रजननाच्या वेळी घडते ती त्यांची अंतिम परिपक्वता. या प्रक्रियेतील संप्रेरकांच्या कार्याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

अंडपेशीची प्रतीक्षावस्था

वाढीच्या काळात अंडाशयातील इस्ट्रोजेनच्या प्रभावाने यकृतात व्हायटेलोजेनिन हे प्रथिन तयार होते. ते रक्तावाटे अंडपेशीत पोहोचते व पीतकाच्या रूपाने साठते. अंडपेशी आकाराने पूर्ण वाढली तरी तिचे अर्धसूत्री विभाजन पहिल्या पूर्वावस्थेतच थांबलेले असते. या अवस्थेत तिचे यशस्वी फलन होऊ शकत नाही.

संप्रेरकांची साखळी

परिस्थिती अनुकूल होताच मेंदूतील अधश्चेतकाच्या संदेशाने पीयूषिका ग्रंथी गोनॅडोट्रोपिन संप्रेरके रक्तात सोडते. ही संप्रेरके प्रामुख्याने अंडपेशीभोवतीच्या पुटकपेशींवर कार्य करतात व त्यांना स्टेरॉइड संप्रेरके निर्माण करण्यास प्रवृत्त करतात. त्यांपैकी प्रोजेस्टेरॉनचा अभ्यास सर्वाधिक झाला आहे. झेनोपस लेविस या आफ्रिकी बेडकात टेस्टोस्टेरॉनही हे कार्य प्रभावीपणे करते, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले.

पेशीच्या आतील घडामोडी

योशिओ मासुई व क्लेमेंट मार्कर्ट यांनी १९७१ मध्ये राना पायपिएन्स या अमेरिकी बेडकावरील प्रयोग प्रसिद्ध केले. प्रोजेस्टेरॉन अंडपेशीच्या बाहेरील द्रवात मिसळल्यास ती परिपक्व होई. तेच सुईने आत सोडल्यास परिणाम होत नसे. यावरून हे संप्रेरक पेशीच्या पृष्ठभागावर कार्य करते, असे अनुमान निघाले. पुढे परिपक्व होत असलेल्या अंडपेशीतील पेशीद्रव्य दुसऱ्या अपरिपक्व अंडपेशीत सोडले असता, संप्रेरकाशिवायच तीही परिपक्व झाली. या पेशीद्रव्यातील कारकास 'परिपक्वताकारक घटक' असे म्हटले गेले. १९८८ मध्ये तो झेनोपसच्या अंड्यांतून शुद्ध स्वरूपात वेगळा करण्यात आला. सायक्लिन व एक विकर अशा दोन प्रथिनांचा तो बनलेला असल्याचे नंतर स्पष्ट झाले.

प्रोजेस्टेरॉनमुळे अंडपेशीतील चक्रीय एएमपीचे प्रमाण घटते. आधीपासून साठवलेल्या संदेशवाहक आरएनएपासून नवी प्रथिने तयार होतात व उपरोक्त घटक सक्रिय होतो. केंद्रकाचे आवरण विरघळते, पहिला ध्रुवीय पिंड बाहेर पडतो व विभाजन दुसऱ्या मध्यावस्थेपर्यंत येऊन पुन्हा थांबते. शुक्रपेशीच्या प्रवेशानंतरच ते पूर्ण होते. हाच घटक यीस्टपासून मानवापर्यंत पेशीविभाजनाचे नियंत्रण करतो. त्यामुळे कर्करोगाच्या अभ्यासातही या संशोधनाला मोलाचे स्थान आहे.

मराठवाड्याच्या संदर्भात महत्त्व

मराठवाड्यात पाऊस अनियमित असतो. प्रजननाची संधी न मिळाल्यास वाढलेल्या अंडपेशी अंडाशयातच ऱ्हास पावून शरीरात शोषल्या जातात. दुसरा धोका रसायनांचा आहे. मेथॉक्सिक्लोर हे कीटकनाशक झेनोपसच्या अंडपेशीतील प्रोजेस्टेरॉनजन्य परिपक्वता रोखते, असे १९९९ मध्ये प्रयोगशाळेत दिसून आले. प्रत्येक कीटकनाशकाचा परिणाम असाच होतो, असे यावरून म्हणता येत नाही. तथापि मादी जिवंत व धडधाकट दिसत असूनही तिची अंडी निकामी ठरू शकतात, ही बाब त्यातून स्पष्ट होते. सोयाबीन व तुरीच्या शेतांतील फवारणीचे पाणी ज्या डबक्यांत उतरते, तेथेच बेडूक अंडी घालतात.

समारोप

बेडूक पिकांवरील कीटकांचा फडशा पाडतात. भारताने १९८७ मध्ये बेडकांच्या तंगड्यांच्या निर्यातीवर बंदी घातली, त्यामागे हेही एक कारण होते. परंतु केवळ पकडण्यास मनाई केल्याने संरक्षण पूर्ण होत नाही. अंडपेशीच्या परिपक्वतेचा काळ काही तासांचाच असतो व तो पावसाळ्याच्या प्रारंभी येतो. म्हणून जून-जुलैमध्ये उथळ पाणवठे फवारणीच्या पाण्यापासून दूर राखणे, हा बेडकांच्या पुढील पिढीच्या रक्षणाचा साधा व व्यवहार्य उपाय ठरतो.